दंडाला बांधायचं बीपी मशीन: इंदूरच्या सुदामानगरातून एक अभिप्राय

आधी निकाल सांगते, मग कारणं. मशीन चांगलं आहे. घरात चाळिशी ओलांडलेलं कोणी असेल तर जरूर घ्या. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, आणि मिनिटभरात वरचं बीपी, खालचं बीपी आणि नाडी असे तीन आकडे समोर येतात. माझी सगळी नोकरी इंदूरच्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून गेली, तीही पाऱ्याच्या यंत्रावर, कानात स्टेथोस्कोप घालून. निवृत्तीनंतर मात्र घरात हेच ठेवलं आहे आणि याच्या आकड्यांवर माझा भरवसा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते या किमतीच्या बहुतेक मशीनना सारखंच लागू पडतं.

घेतलं दवा बाजारातून, दोन हजारांच्या आतबाहेर. दुकानदार मनगटाला बांधायचं छोटं मशीन पुढे करत होता. "दीदी, लेडीज के लिए ये अच्छा है, आस्तीन ऊपर नहीं करनी पड़ती." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येते. पण मनगट बरोबर हृदयाच्या पातळीला धरलं नाही तर त्या मशीनचा आकडा भरकटतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तसा हात धरून ठेवणं जमत नाही. दंडाचंच घ्या.

पारा आता जाणारच. तो विषारी म्हणून त्याचा वापर कमी करायला २०१३ साली मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला, आणि दवाखान्यांतल्या त्या उभ्या काचेच्या नळ्या कमी होत गेल्या. नवं मशीन आमच्यासारखं ठोके ऐकत नाही. पट्ट्यातली हवा घट्ट-सैल होताना आतली शीर जी थरथरते ती ते टिपतं आणि त्यावरून हिशोब करून आकडे देतं. हात हलला किंवा बोलणं झालं की हिशोब बिघडतो. म्हणून पुस्तिकेत नियम दिलेले असतात: लघवीला जाऊन या, खुर्चीवर पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय नको, दंड उघडा हवा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं शांत बसा आणि मगच बटण दाबा. मोजताना बोलू नका. मिनिटभराने पुन्हा एकदा मोजा.

नियम अगदी बरोबर आहेत, मी स्वतः जन्मभर तेच सांगत आले. पण आता मशीन आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून मोहल्ल्यातली माणसं "सिस्टर, जरा बघता का" म्हणत ओटला चढून येतात. त्यामुळे हे नियम कोणाला पाळता येतात आणि कोणाला येत नाहीत, हे रोज डोळ्यांसमोर असतं. हा अभिप्राय लिहायला बसले ते खरं त्यासाठी.

पट्ट्यापासून सुरू करते. खोक्यात एकच पट्टा येतो, २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. दंड त्याहून जाड असेल तर पट्टा अपुरा पडतो आणि बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. दंड बारीक असेल तर उलट होतं, बीपी आहे त्याहून कमी दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंचा दंड ३५ भरला. त्यांच्यासाठी मोठा पट्टा हवा, आणि तो दुकानात वेगळा मागितला की मिळतो. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा दंड मात्र जेमतेम २० भरला. खोक्यातल्या पट्ट्याने त्यांचं बीपी छान दिसायचं. मी लहान पट्टा मागवला. दुकानदाराने तो "बच्चों वाला" म्हणून काढून दिला. तो लावल्यावर वरचा आकडा १४० च्या पुढे गेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तिथेच राहिला.

यावर थोडं थांबायला हवं. सकाळपासून कणीक तिंबणारा, कुकर उचलणारा हात काटक असतो, पण बारीक असतो. ज्यांना लहानपणी पोटभर मिळालं नाही, ज्यांची बाळंतपणं लवकर आणि पाठोपाठ झाली, त्यांचे दंड बहुधा असेच राहतात. म्हणजे जिचं बीपी वेळेत सापडायला हवं तिलाच खोक्यातला पट्टा "तू ठीक आहेस" असं सांगतो. कंपन्यांनी तीन मापांचे पट्टे खोक्यात द्यावेत, शंभर-दोनशे रुपये जास्त घ्यावेत. नाही तर निदान घेर मोजण्याची खूण पट्ट्याच्या आतल्या बाजूला ठळक छापावी. माझ्या पट्ट्यावर ती आहे, पण फिकट करड्या शाईत, इंग्रजीत.

दंड उघडा हवा, हा नियम. पुस्तिकेतल्या चित्रात टी-शर्ट घातलेला पुरुष बसलेला आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका साडीत असतात. ब्लाउजची बाही घट्ट असते, ती वर सरकवली तर दोरी बांधल्यासारखी आवळते आणि आकडा बिघडतो. बाहीवरून पट्टा बांधला तरी बिघडतो. मनगटाच्या मशीनबद्दल दुकानदार जे म्हणत होता ते याचसाठी. मी पुढच्या खोलीत पडद्याची दोरी बांधली आहे. पडदा ओढायचा, बाहीतून एक हात काढून घ्यायचा, पदर खांद्यावर घ्यायचा. बायकांना हे सांगावं लागत नाही, पडदा दिसला की त्या स्वतःच मोकळ्या होतात. ज्या दवाखान्यात ओळीत उभं करून बीपी घेतात तिथे हा पडदा नसतो, आणि म्हणून तिथे बाहीवरूनच पट्टा बांधला जातो. हे मी आतून पाहिलेलं आहे.

आता खुर्चीचं सांगते.

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, ते रात्री रस्ते झाडणाऱ्या माणसांमुळे. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची गर्दी मध्यरात्रीनंतर पांगते आणि मग त्यांचं काम सुरू होतं. त्यांच्यातली एक बाई पहाटे ड्यूटी संपवून आमच्या गल्लीवरून जाते. डोकं जड होतं म्हणाली, म्हणून मी आत बोलावलं. ती आली आणि दारालगत फरशीवर बसली. मी खुर्ची पुढे ओढली. "दीदी, मैं नीचे ही ठीक हूँ." पुन्हा सांगितलं, तरी तेच. ज्या घरांपुढचे रस्ते ती झाडते त्यांतल्या किती घरांनी तिला कधी खुर्ची दिली असेल, आणि का दिली नसेल, हे आपल्याला माहीत आहे. जात हेच त्याचं कारण आहे आणि ते कारण अजून संपलेलं नाही. मी तिला सांगितलं, खाली मांडी घालून, पाठीला आधार नसताना मोजलं तर मशीन चुकीचं सांगेल, खुर्चीवर बसणं हा तपासणीचाच भाग आहे. तेव्हा ती बसली, पण टोकावर. पाठ टेकवायला आणखी काही दिवस गेले.

तिचं बीपी चढलेलं होतं. रात्री आपण झोपतो तेव्हा बीपी दिवसापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी उतरतं, शिरांना तेवढीच विश्रांती मिळते. जी माणसं वर्षानुवर्षं रात्री जागतात आणि दिवसा एका खोलीत, मुलांच्या आणि टीव्हीच्या गोंगाटात दोन-तीन तास डोळा लावतात, त्यांची ही उतरण बिघडते. त्यांना सकाळी मोजायचं म्हणजे त्यांच्या दिवसाचा शेवट मोजायचा. पुस्तिका म्हणते "सकाळी उठल्यावर मोजा". तिची सकाळ दुपारी तीनला होते. आता ती दुपारीच येते, खुर्चीत नीट बसते, आणि तिचे आकडे मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते.

वही का? मशीनमध्ये दोन माणसांची नोंद ठेवायची सोय आहे, पण मशीन नवरा-बायकोच्या घरासाठी बनवलेलं आहे, मोहल्ल्यासाठी नाही. मोबाइलचं ॲपही आहे. ते इंग्रजीत आहे आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणी ते वापरत नाही, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. वहीत मी आकड्याशेजारी दोन-तीन शब्द लिहिते: झोप किती, आली कुठून, गोळी घेतली का. महिन्याभराने पान उलटलं की डॉक्टरांना दाखवण्याजोगं काहीतरी हातात असतं. हे कोणतंही ॲप विचारत नाही.

पाच मिनिटं शांत बसा, हा सगळ्यांत महागडा नियम. स्वयंपाकाच्या ताई पाच घरं करतात. पहिल्या घरात साडेसहाला डबे लागतात, शेवटचं घर दुपारी दीडला सुटतं. आमच्याकडे तिसरा नंबर. त्या आल्या की मी गॅस लावू देत नाही, आधी बसवते. तरी त्यांचे डोळे घड्याळाकडे असतात, कारण इथे पाच मिनिटं गेली की पुढच्या घरात "आज उशीर?" ऐकावं लागतं. शांत बसणं म्हणजे नुसतं हालचाल थांबवणं नव्हे, हे आकड्यावरून कळतं. पहिलं मोजमाप आणि दुसरं मोजमाप यांत त्यांचा वरचा आकडा कधी कधी दहा-बाराने उतरतो.

आणि लघवीचा नियम. मूत्राशय भरलेलं असेल तर बीपी वाढलेलं दिसतं. ताई सकाळी सहाला घरून निघतात आणि ज्या घरांत पोळ्या करतात तिथलं बाथरूम वापरायची त्यांना मुभा नाही. एका घरात स्पष्ट नाही म्हटलं, बाकीच्यांत त्यांनी विचारलंच नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळिसाला टेकतो, स्वयंपाकघरात पंखा बंद असतो कारण ज्योत विझते, आणि ही बाई तहान मारून पोळ्या लाटते. बीपीची गोळी सुरू झाल्यावर अशा उन्हात चक्कर येण्याचा धोका वाढतो. मी त्यांना आमचं बाथरूम दाखवलं, माठ दाखवला, आणि आल्यावर एक तांब्या पाणी प्यायचं असं ठरवून टाकलं. माझ्या माहितीच्या इतर घरांतही मी याबद्दल बोलले. दोन घरांनी ऐकलं, एका घराने विषय बदलला.

मशीनची एक सोय जाहिरातीत फार मिरवतात: ते बोलतं. हिंदीत आकडे मोठ्याने वाचून दाखवतं. कमी दिसणाऱ्यांना ते खरोखर उपयोगी आहे. पण ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, याचा आवाज बंद होतो का?" कोणा एका घरी बीपी आहे असं कळलं तर "उद्या काही झालं तर आमच्या डोक्यावर" म्हणून काम सुटेल, ही त्यांची भीती होती. भीती खरी आहे, मी असं काम सुटलेलं पाहिलं आहे. वरच्या मजल्यावरची सूनही आवाज बंद करायला सांगते, तिला आकडा सासूबाईंच्या आधी स्वतःला कळायला हवा असतो. आवाजाचं बटण मशीनच्या मागच्या बाजूला आहे, ते आधी शोधून ठेवा. तसंच आकडे दिसतात त्या काचेशेजारी हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्यांची पट्टी आहे. एका लाल दिव्यावर कोणाला घाबरवू नका. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ च्या वर, तेही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. पण १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, बोबडी वळणं, एका बाजूला लुळेपणा असं काही असेल तर मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा.

वहीतली आणखी एक गोष्ट सांगते. पुरुष येतात ते बायकोने पाठवलेले असतात. बायका येतात त्या नवऱ्याला घेऊन, आणि त्याचं झालं की उठायला लागतात. "माझं काय, मला कुठे काय होतंय." बीपीचं दुखणं असतं कुठे! ते काहीच न दुखवता वाढत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात बीपी असलेल्या पाचांपैकी चौघांवर पुरेसे उपचार होत नाहीत, आणि जवळजवळ निम्म्यांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसतं. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. आमच्या खोलीत मी आता आधी बायकोला बसवते. नवरा उभा राहतो.

शेजारच्या काकूंची गोष्ट वेगळी. पैशाची ददात नाही, मुलं परदेशात, मोठा पट्टाही त्यांनी स्वतःच विकत घेतला. त्या रोज येतात आणि पट्टा बांधल्या बांधल्या बोलायला लागतात, कारण घरी बोलायला कोणी नाही. बोललं की आकडा चढतो. म्हणून आमचा क्रम ठरला आहे: आधी मोजायचं, मग चहा, मग हवं तेवढं बोलायचं. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, संध्याकाळी रोज कोणाकडे तरी जाऊन बसा असं सांगितलं. ते डॉक्टर मला आवडले.

मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम सपाट एक चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. इंदुरात ते पाळणं कोणालाच सोपं नाही. सकाळच्या पोह्यांवर सेव, सेवेवर जीरावन मसाला, आणि जीरावनात काळं मीठ. पण माझ्या घरी मी ते बाजूला सारू शकते, कारण माझ्याकडे भाजी आहे, दही आहे, फळ आहे. ताईंच्या डब्यात दोन पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि लोणच्याची फोड असते. भाजी महाग झाली की मीठ आणि तिखट यांवरच पोळी उतरते. त्यांना "मीठ कमी करा" असं नुसतं सांगून भागत नाही, त्याजागी काय खायचं तेही सांगावं लागतं, आणि ते परवडायला लागतं. आम्ही एवढं ठरवलं की कणकेत मीठ घालायचं नाही आणि लोणचं एक दिवसाआड. त्यांनी ते पाळलं आहे.

गोळ्यांचं. बीपीच्या साध्या गोळ्या, अम्लोडिपिनसारख्या, सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-साखरेची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. मध्य प्रदेश तर २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या पहिल्या पाच राज्यांपैकी एक. त्यात महिन्याभराची गोळी एकदम हातात देण्यावर भर आहे, आणि हे फार शहाणपणाचं आहे, कारण प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. ताईंची अडचण वेळेची आहे. तपासणीच्या वेळा दिवसाच्या, आणि दिवस पाच घरांना वाटलेला. पहिल्यांदा त्या गेल्या तेव्हा दोन घरांचा खाडा झाला आणि दोन्ही घरांनी पैसे कापले. त्या दिवशी गोळी फुकट नव्हती. आमच्या घरातला खाडा मी धरत नाही, दवाखान्याचा दिवस भरपगारी. ज्यांच्याकडे कोणी कामाला येतं त्यांनी एवढं करावं, ही माझी विनंती आहे.

गर्भवती असेल तर घरच्या मशीनवर विसंबू नका. सगळी मशीन गरोदरपणासाठी तपासून पाहिलेली नसतात, आणि पाचव्या महिन्यानंतर चढलेलं बीपी आई-बाळ दोघांनाही धोक्याचं ठरू शकतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत गर्भवती तपासणी असते, २०१६ पासून. वरच्या मजल्यावरच्या सुनेला मी तिथेच पाठवते, आणि सासूबाईंनाही बरोबर जा म्हणते.

बाकी किरकोळ. चार पेन्सिल सेल लागतात, ते उतरले की मशीन आकड्याऐवजी चूक दाखवतं, म्हणून अडॅप्टर वेगळा घ्या. हवेची नळी जोडाशी वाकते, ती दाबून गुंडाळू नका. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहा, पाच-सातचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर वॉरंटीत बदलून मागा. पावती जपून ठेवा, दुकानदार ती मागतोच. आणि खरेदीला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांचे दंड शिंप्याच्या टेपने मोजून कागदावर लिहून न्या, घरात काम करायला येणाऱ्यांचेसुद्धा.